यादवी युद्धे आणि आंतरराष्ट्रीय राजकारण : गटाने अभ्यास करणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय गटप्रकल्प म्हणून घेणारे विद्यार्थी आणि त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात सापडतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यादवी युद्ध नेमके कशाला म्हणायचे? दंगल किंवा उठाव यांपासून ते वेगळे कसे ओळखायचे?

एकाच देशाच्या हद्दीत, त्या देशाचे सरकार आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला एखादा संघटित सशस्त्र पक्ष यांच्यात दीर्घकाळ चालणाऱ्या लढाईस सामान्यतः यादवी युद्ध म्हणतात. दंगलीत जमाव असतो, पण त्याला सेनापती, शिस्त, पुरवठ्याची व्यवस्था आणि ताब्यातला प्रदेश नसतो. संख्याशास्त्रीय अभ्यासात वर्षाला किमान १,००० मृत्यू हा निकष रूढ आहे, तर स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाची नोंदणी वर्षाला २५ मृत्यू झाले तरी त्यास ‘सशस्त्र संघर्ष’ मानते आणि १,००० च्या पुढे ‘युद्ध’ म्हणते. कायदा आकड्यांकडे पाहत नाही. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला सशस्त्र संघर्ष’ एवढेच म्हणते, आणि माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९५ मध्ये तादिच खटल्यात हिंसाचाराचा दीर्घकाळ व लढणाऱ्या गटांची संघटितता या दोन कसोट्या लावल्या. गटाने पहिल्याच बैठकीत यांपैकी एक व्याख्या निवडून ती लिहून ठेवावी. ती लिहिली नाही, तर तिसऱ्या आठवड्यात निम्मा गट एका युद्धाविषयी आणि निम्मा दुसऱ्याच युद्धाविषयी बोलताना आढळतो.

२. लढाई एका देशाच्या आत चालू असते, मग ती आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय कशी होते?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(७) या संघटनेला देशांतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्यास मनाई करते. मात्र त्याच वाक्यात, शांततेला धोका उत्पन्न झाल्यास सातव्या प्रकरणाखाली होणाऱ्या कारवाईला ही मनाई लागू नाही, असेही म्हटलेले आहे. यादवी युद्धे बहुतेक वेळा याच फटीतून जागतिक राजकारणात येतात. पण कायद्याच्या आधी सरहद्द ओलांडतात ती माणसे, शस्त्रे, पैसा आणि भीती.

लायबेरियाचे उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलरच्या बंडखोरांनी तेथे लढाई सुरू केली. १९९० मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने पश्चिम आफ्रिकी देशांची फौज उतरली, आणि मार्च १९९१ मध्ये टेलरच्या पाठबळावर एक बंडखोर गट लायबेरियाच्या भूमीवरून सिएरा लिओनमध्ये शिरला. तेथील खाणींतून निघालेले हिरे शस्त्रांच्या मोबदल्यात बाहेर गेले. शेवटी हिऱ्यांच्या जागतिक व्यापारालाच नवे नियम लावावे लागले आणि २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र योजना अमलात आली. एका छोट्या देशातल्या बंडाने प्रादेशिक फौज, शेजाऱ्याचे युद्ध आणि व्यापाराची नवी चौकट अशा तीन गोष्टी जन्माला घातल्या.

रुआंडाची साखळी याहून भयानक आहे. १९९४ च्या वंशसंहारानंतर जुलैमध्ये दहा लाखांच्या आसपास लोक अवघ्या काही दिवसांत झाईरेच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) गोमा परिसरात आले. त्यांच्याबरोबर संहार करणारे सैनिक आणि सशस्त्र टोळ्याही आल्या आणि छावण्यांतच त्यांनी पुन्हा बांधणी सुरू केली. १९९६ मध्ये रुआंडा व युगांडा यांनी झाईरेतील बंडाला बळ दिले, मे १९९७ मध्ये मोबुटूंची १९६५ पासूनची राजवट कोसळली, आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या काँगो युद्धात रुआंडा, युगांडा व बुरुंडी एका बाजूला तर अंगोला, झिंबाब्वे व नामिबिया दुसऱ्या बाजूला उभे राहिले. यातला प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो, पण दोन टप्प्यांमधला सांधा समजल्याशिवाय एकही टप्पा नीट उलगडत नाही.

३. हा अभ्यास एकट्याने करता येत नाही का? गट कशासाठी?

करता येतो, आणि ज्याला एका युद्धाचा सलग इतिहास लिहायचा आहे त्याने तो एकट्यानेच करावा. गटाचा खरा फायदा तेथे होतो, जेथे एकच घटना वेगवेगळ्या राजधान्यांतून निरनिराळी दिसते. स्पेनमध्ये १९३६ साली युद्ध पेटले तेव्हा लंडनमध्ये हस्तक्षेप न करण्याविषयीची समिती स्थापन झाली आणि तिच्यात २७ देश सामील झाले. जर्मनी, इटली आणि सोव्हिएत संघ हे तिघेही तिचे सदस्य होते आणि तिघेही स्पेनमध्ये शस्त्रे व माणसे पाठवीत होते. लंडनच्या दृष्टीने ही समिती म्हणजे युरोपभर युद्ध पसरू न देण्याचा उपाय होता, माद्रिदच्या दृष्टीने कायदेशीर सरकारलाच शस्त्रे नाकारण्याची युक्ती होती, आणि बर्लिनच्या दृष्टीने वेळ काढण्याची सोय होती. एकच वाचक या तिन्ही भूमिका मनापासून लढवू शकत नाही. एक त्याला नकळत आपलीशी वाटू लागते. टेबलाभोवती तिघे बसले, की ती सोय राहत नाही.

४. गटात कामाची वाटणी कशी करावी? प्रत्येकाला एकेक देश देणे योग्य आहे का?

नाही, आणि या पानावरचे सर्वांत आग्रहाचे उत्तर हेच आहे. एकाने रशिया, दुसऱ्याने अमेरिका, तिसऱ्याने तुर्कस्तान असे वाटून घेतले, की शेवटी तीन निबंध एकाखाली एक चिकटवले जातात आणि जो भाग अभ्यासायचा होता, म्हणजे या देशांचे एकमेकांवर होणारे परिणाम, तो कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. वाटणी देशांची न करता दुव्यांची करावी. एकाने शस्त्रे कोठून कोठे गेली ते पाहावे, दुसऱ्याने माणसांची ये-जा पाहावी, तिसऱ्याने पैसा व नैसर्गिक संपत्ती, चौथ्याने मान्यता व राजनैतिक वाटाघाटी, पाचव्याने कायदा व न्यायालये.

अंगोलाच्या युद्धावर (१९७५ ते २००२) ही वाटणी करून पाहावी. लुआंडाच्या सरकारला सोव्हिएत संघ व क्यूबा यांचा आणि ‘युनिटा’ या बंडखोर संघटनेला दक्षिण आफ्रिका व अमेरिका यांचा पाठिंबा होता, हे कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. पण पैशाचा दुवा पाहणाऱ्या सदस्याला आढळेल की, काबिंडातील अमेरिकी कंपनीच्या तेलविहिरींचे रक्षण क्यूबाचे सैनिक करीत होते आणि त्या तेलाच्या उत्पन्नातून सरकारचा युद्धखर्च चालत होता. वाटाघाटींचा दुवा पाहणाऱ्याला आढळेल की, २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या करारावर अंगोला, क्यूबा व दक्षिण आफ्रिका यांच्या सह्या आहेत, ‘युनिटा’ची नाही. त्या कराराने क्यूबाच्या फौजांच्या माघारीचा आणि दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नामिबियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला, २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्रही झाला, पण अंगोलातली लढाई २००२ पर्यंत चालूच राहिली. शेजारी देश स्वतंत्र होतो आणि मूळ युद्ध मात्र थांबत नाही, हे कोडे दोन सदस्यांची टिपणे शेजारी ठेवल्यावरच दिसते. म्हणून प्रत्येक बैठकीचा निम्मा वेळ टिपणे वाचून दाखवण्यासाठी नव्हे, तर ती एकमेकांना जोडून पाहण्यासाठी राखावा.

५. अभ्यासासाठी कोणते युद्ध निवडावे?

पहिल्या प्रयत्नाला संपलेले आणि आवाक्यातले युद्ध घ्यावे. ग्रीसचे यादवी युद्ध (१९४६ ते १९४९) यासाठी उत्तम आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने आपल्याला ग्रीसचा भार पेलवत नसल्याचे अमेरिकेला कळवले, १२ मार्च रोजी ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलरची मागणी अमेरिकी काँग्रेससमोर मांडली, आणि त्या भाषणातून पुढची अनेक वर्षे टिकलेले धोरण आकाराला आले. दुसऱ्या बाजूला १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचे नेते टिटो आणि स्टालिन यांचे बिनसले, ग्रीक साम्यवाद्यांनी स्टालिनची बाजू घेतली, आणि जुलै १९४९ मध्ये युगोस्लाव्हियाने त्यांच्यासाठी सरहद्द बंद केली. परिणाम दोन्ही दिशांनी वाहतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

सीरियाचे युद्ध सगळ्यांनाच हवे असते, परंतु पाच जणांच्या गटाला ते संपूर्ण पेलत नाही. घ्यायचेच असेल, तर त्यातला एकच दुवा घ्यावा. सध्या चालू असलेले युद्ध, उदाहरणार्थ एप्रिल २०२३ पासूनचे सुदानचे, निवडल्यास आपला अभ्यास कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे पहिल्या पानावर नोंदवावे.

६. बाहेरचे देश हस्तक्षेप करतात तो निव्वळ स्वार्थापोटी, असे लिहिले तर चालेल का?

चालेल, पण त्यातून काहीच समजणार नाही. स्वार्थ प्रत्येक वेळी असतो. प्रश्न असा असतो की, तोच स्वार्थ एका देशाला फौज पाठवायला लावतो आणि दुसऱ्याला गप्प बसवतो, तो का. सरहद्दीवरील सुरक्षितता, प्रतिस्पर्ध्याला अडकवून ठेवणे, वांशिक वा धार्मिक नाते, नैसर्गिक संपत्ती, देशांतर्गत जनमत आणि कधीकधी खरोखरच मानवी कणव ही कारणे सहसा मिसळलेली असतात. लिबियाविषयी १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने संमत केलेला ठराव १९७३ पाहावा (१९७३ हा ठरावाचा क्रमांक आहे, साल नव्हे, ही गफलत विद्यार्थ्यांच्या लेखनात नेहमी होते). दहा मते अनुकूल पडली आणि ब्राझील, चीन, जर्मनी, भारत व रशिया तटस्थ राहिले. या पाच तटस्थ मतांमागची कारणे एकसारखी नव्हती. ती वेगळी काढून दाखवणे हा गटासाठी एका बैठकीचा उत्तम स्वाध्याय आहे, कारण सदस्यांची त्या दिवशीची निवेदने बैठकीच्या अधिकृत इतिवृत्तात उपलब्ध आहेत.

७. सरकारला मदत करणे कायदेशीर आणि बंडखोरांना मदत करणे बेकायदेशीर, असे सरसकट म्हणता येते का?

ढोबळमानाने हा नियम खरा आहे, पण तो सरसकट लावता येत नाही. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी असे ठरवले की, ‘काँट्रा’ बंडखोरांना शस्त्रे, प्रशिक्षण व पैसा पुरवून अमेरिकेने हस्तक्षेप न करण्याचे बंधन मोडले. त्याच निकालात दोन बारकावे आहेत. केवळ पैसा पुरवणे हा हस्तक्षेप असला तरी तो बळाचा वापर ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि काँट्रांच्या विशिष्ट कृत्यांवर अमेरिकेचे प्रभावी नियंत्रण होते असे सिद्ध न झाल्याने, त्या कृत्यांची जबाबदारी अमेरिकेवर टाकली नाही.

खरी अडचण त्यापुढे येते. ज्या देशात दोन पक्ष स्वतःला सरकार म्हणवतात, तेथे निमंत्रण देण्याचा अधिकार कोणाचा? येमेनमध्ये राजधानी साना सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांच्या हाती गेली, तरी मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने परागंदा झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीचा आधार घेतला. हे उत्तर मान्यतेच्या प्रश्नाशी बांधलेले आहे. प्रश्न ८ पाहावा.

८. युद्धानंतर किंवा युद्धात दोन सरकारे उभी राहिली, तर जगाने कोणाला मानायचे?

ताबा कोणाचा आणि मान्यता कोणाला, या दोन गोष्टी वर्षानुवर्षे वेगळ्या राहू शकतात. १९४९ मध्ये चीनच्या मुख्य भूमीवर साम्यवाद्यांचा विजय झाला, पण संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा, सुरक्षा परिषदेतील नकाराधिकारासह, २५ ऑक्टोबर १९७१ पर्यंत तैवानमधल्या तैपेईत गेलेल्या जुन्या सरकारकडे राहिली. या काळातील परिषदेच्या मतदानाचा अर्थ लावताना ‘चीन’ म्हणजे कोण, हे विसरले की सगळा हिशेब चुकतो. कंबोडियात जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या फौजेने ख्मेर रूजची राजवट उलथली, तरी आमसभेतील जागा त्या राजवटीच्या प्रतिनिधींकडेच राहिली. शीतयुद्धातल्या हिशेबापुढे देशातील प्रत्यक्ष सत्तेला किंमत उरली नव्हती.

उलट नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राकडे १९६७ मध्ये सैन्य, प्रशासन आणि प्रदेश होता, पण टांझानिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट, झांबिया व हैती या पाचच देशांनी त्याला मान्यता दिली. वसाहतकाळातील सीमा बदलायच्या नाहीत, असे आफ्रिकी देशांनी १९६४ मध्येच ठरवले होते. एक बियाफ्रा मान्य केला, तर आपल्याही देशात दुसरा उभा राहील, ही भीती त्यामागे होती. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली.

९. सुरक्षा परिषद काहीच करीत नाही, मग तिचा अभ्यास कशाला?

कारण ती काय करीत नाही, यातूनच बरेच कळते. पंधरापैकी नऊ मते आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार नाही, ही अट पूर्ण झाली तरच ठराव होतो. सीरियाबाबत रशिया व चीन यांनी पहिला नकाराधिकार ४ ऑक्टोबर २०११ रोजी वापरला, आणि लिबियाच्या ठरावाचा अर्थ मर्यादेपलीकडे ताणला गेला ही रशियाची तक्रार त्यामागे होती. म्हणजे एका यादवी युद्धाचा परिणाम दुसऱ्या यादवी युद्धावर परिषदेच्या सभागृहामार्फत झाला. कोंडी झाल्यावर काम दुसरीकडे सरकते, हेही पाहावे. सीरियातील गुन्ह्यांचे पुरावे जमा करणारी यंत्रणा डिसेंबर २०१६ मध्ये आमसभेने उभी केली.

रुआंडाबाबत एक तपशील बहुतेक गटांच्या नजरेतून सुटतो. १९९४ मध्ये रुआंडा स्वतः परिषदेचा अस्थायी सदस्य होता. संहार चालवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्या मेजाशी बसलेला असताना २१ एप्रिल रोजी परिषदेने तेथील शांतिसेना २७० जणांपर्यंत कमी करण्याचा ठराव केला.

१०. निर्वासितांचा परिणाम फक्त शेजारी देशांवरच होतो ना?

सर्वाधिक भार शेजाऱ्यांवर पडतो, हे खरे. सीरियाच्या युद्धात तुर्कस्तान, लेबनॉन व जॉर्डन यांनी सर्वांत जास्त लोकांना आसरा दिला आणि एकट्या तुर्कस्तानातील संख्या ३० लाखांच्या वर गेली. परंतु आसरा देणाऱ्या देशाच्या हाती त्यातून सौदाशक्तीही येते. १८ मार्च २०१६ च्या समझोत्यात युरोपीय संघाने तुर्कस्तानला अर्थसाह्य व सवलतींचे आश्वासन दिले आणि तुर्कस्तानने ग्रीक बेटांवर अवैधपणे पोहोचलेल्यांना परत घेण्याचे मान्य केले. छावण्यांतून युद्ध कसे पसरते, ते प्रश्न २ मध्ये आले आहे. ‘निर्वासित’ आणि ‘अंतर्गत विस्थापित’ हे शब्द मात्र अदलाबदल करून वापरू नयेत. १९५१ च्या करारातील संरक्षण सरहद्द ओलांडलेल्यांनाच मिळते.

११. मृतांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. कोणता घ्यावा?

एकच आकडा निवडण्याचा अट्टहास करू नये. आकडा कोणी, केव्हा आणि कशासाठी मोजला, हे त्याच्यासोबत लिहावे. बॉस्नियाच्या युद्धात सुरुवातीला २ लाख किंवा त्याहून अधिक मृत्यू सांगितले जात होते. युद्धानंतर नावनिशीवार केलेल्या मोजणीत ही संख्या १ लाखाच्या आसपास आली. सुरुवातीचा आकडा निव्वळ खोटेपणा नव्हता, तो युद्धाच्या धामधुमीत केलेला अंदाज होता. तरीही त्या काळातले निर्णय त्याच अंदाजावर घेतले गेले, आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकाला दोन्ही आकडे लागतात. प्रत्यक्ष लढाईतील मृत्यू आणि उपासमार व रोगराईने झालेले मृत्यू एकाच रकान्यात कधीही मांडू नयेत.

१२. वाटाघाटींचे नाट्यरूप सादरीकरण करावे का?

करावे, पण शेवटच्या टप्प्यात आणि कागदपत्रे वाचून झाल्यावर. मुत्सद्दी, सेनापती, मध्यस्थ यांच्या भूमिका घ्याव्यात. पीडितांची भूमिका कोणीही वठवू नये. मध्यंतरी भूमिका बदलल्या, तर प्रत्येकाला आपणच दहा मिनिटांपूर्वी केलेल्या युक्तिवादाला उत्तर द्यावे लागते, आणि तेथेच खरी तयारी कळते.

१३. गटातील एखादा सदस्य अशाच युद्धातून वाचून आलेला असेल तर?

त्याला साक्षीदार म्हणून उभे करू नये. तो इतरांसारखाच अभ्यासक आहे. बोलायचे की नाही, हे त्याने ठरवावे. विषय निवडण्यापूर्वी मार्गदर्शकाने त्याच्याशी एकट्याने बोलून घ्यावे.

१४. एकच युद्ध यादवीही आणि आंतरराष्ट्रीयही असू शकते का? यावर आमच्या गटात एकमत होत नाही.

असू शकते, आणि एकमत न होणे स्वाभाविक आहे. बॉस्नियातील लढाईला सर्बियाच्या बाजूने ‘यादवी’ आणि सारायेव्होच्या बाजूने ‘आक्रमण’ म्हटले जात होते. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. शब्दानुसार लागू होणारा कायदा बदलतो. तादिच खटल्याच्या अपिलात १९९९ मध्ये न्यायाधिकरणाने, बॉस्नियातील सर्ब सैन्यावर बेलग्रेडचे एकंदर नियंत्रण असल्याने तो संघर्ष आंतरराष्ट्रीय ठरतो, असा निर्णय दिला. मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये राज्याच्या जबाबदारीसाठी निकाराग्वा खटल्यातील अधिक कडक कसोटी (प्रश्न ७) कायम ठेवली. न्यायालयांतच दोन कसोट्या असताना गटाने एकच निष्कर्ष ओढूनताणून काढू नये. बहुमताचे टिपण आणि त्याला जोडलेले असहमतीचे टिपण, असा अहवाल अधिक प्रामाणिक ठरतो.

१५. युद्ध संपले, तेथेच अभ्यास थांबवावा का?

किमान दहा वर्षे पुढे जावे. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, पण फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांसाठी ब्रिटनमध्ये बांधल्या गेलेल्या ‘अलाबामा’ वगैरे जहाजांनी केलेल्या नुकसानीचा वाद १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने मिटवला आणि ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरावे लागले. देशादेशांतले भांडण लवादाकडे नेण्याच्या प्रथेला त्या निवाड्याने मोठे बळ दिले. लिबियात ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारले गेले. तेथून शस्त्रांसह परतलेल्या लढवय्यांमुळे जानेवारी २०१२ मध्ये मालीच्या उत्तरेत बंड पेटले आणि वर्षभरात फ्रान्सची फौज तेथे उतरली. प्रश्न २ मधल्या चार्ल्स टेलरला सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी ५० वर्षांची शिक्षा झाली ती २०१२ मध्ये.

१६. ज्या यादवी युद्धात बाहेरच्या फौजा उतरल्याच नाहीत, ते या विषयात बसते का?

बसते, आणि काही वेळा तेच अधिक शिकवते. नेपाळचे युद्ध (१९९६ ते २००६) कोणत्याही परकीय सैन्याच्या लढाईशिवाय झाले. तरीही फेब्रुवारी २००५ मध्ये राजांनी सत्ता हाती घेतल्यावर भारत व ब्रिटनने लष्करी मदत थांबवली, नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यातला बारा कलमी समझोता नवी दिल्लीत आकाराला आला, आणि २००६ च्या शांतता करारानंतर दोन्ही बाजूंच्या शस्त्रांवर देखरेख ठेवण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे सोपवले गेले. अशा युद्धासाठी प्रश्न ४ मधल्या दुव्यांच्या यादीत एक रकाना वाढवावा आणि कोणी, कोणत्या तारखेला, काय करायचे थांबवले, ते त्यात भरावे.